सीट कव्हर, एकास आठ

गेल्या सोमवारी स्टँडअप कॉलमध्ये मॅनेजरने सगळ्यांना विचारलं, "मग, वीकेंडला काय केलं?" कुणी ट्रेकला गेलं होतं, कुणी अख्खी सीरीज संपवली होती. माझी पाळी आली तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं, "फियाटच्या मागच्या सीटला पायपिंग लावलं."

कॉलवर तीन-चार सेकंद कुणीच काही बोललं नाही. मग टीममधली एक नवीन मुलगी चाचरत म्हणाली, "सर, तुमच्याकडे व्हिंटेज कार आहे?"

आहे की! फक्त ती आमच्या डायनिंग टेबलावर मावते. (आणि त्यामुळे गेले पाच महिने आम्ही जमिनीवर बसून जेवतोय. यावर घरात बरीच चर्चा झालेली आहे. असो.)

गाडी आहे प्रीमियर पद्मिनी. ज्यांचा जन्म मारुती आल्यानंतरचा आहे त्यांच्यासाठी सांगतो, १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाईट या नावाने ही गाडी आपल्याकडे आली, प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. १९७४ मध्ये तिची 'पद्मिनी' झाली, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत ती फियाटच राहिली. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची नोंदलेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली. खरी गाडी साधारण ३.९ मीटर लांब. माझी एकास आठ मापात आहे, म्हणजे जवळजवळ ४९ सेंटिमीटर. पाळण्यातल्या बाळाएवढी म्हणा ना.

आता ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं मापाबद्दल. बाजारात मिळणारे बहुतेक कार किट एकास चोवीस मापाचे असतात. त्यात सीट अंगठ्याएवढी असते, एका तुकड्यात ओतलेली, काळ्या प्लास्टिकची. मॅट काळा रंग मारला, वर थोडा करडा हात फिरवला की झालं. काचेतून आत बघणाऱ्याला सीट 'आहे' एवढं कळलं तरी पुरतं. त्याहून मोठ्या मापांचा पंथ वेगळा. तामियाने १९६७ मध्ये होंडाच्या फॉर्म्युला वन गाडीचं एकास बारा मापाचं किट काढलं. इटलीच्या पोकेर कंपनीने तर एकास आठ मापात रोल्स-रॉईस फँटम काढली, हजारो सुट्या भागांची. या मापात दारं उघडतात, खिडकीतून दोन बोटं आत जातात. आणि बघणारा माणूस वाकून आत बघतोच. बॉडी कितीही चकाचक असली तरी त्याची नजर सीटवर जाऊन टेकते. कारण सरळ आहे. गाडीत बसायचं कुठे, हे आपण आधी बघतो.

पद्मिनीचं या मापाचं किट मला कुठे मिळालं नाही. बॉडी एका मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर तुकड्या-तुकड्यांनी छापून घेतली, चाकंही तशीच. पण सीट छापायच्या नाहीत हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. सीट शिवायच्या होत्या.

त्याचं कारण म्हणजे आप्पा. आमचे वडील.

आप्पांचं कोल्हापूरला उद्यमनगरात सीट कव्हरचं दुकान होतं. दुकान म्हणजे बारा बाय दहाचा गाळा, पायाचं जड शिलाई मशीन, भिंतीला रेक्झिनचे ताके आणि दारात कुणाची तरी सीट काढलेली, पोट फाडून ठेवल्यासारखी जीप. एकोणचाळीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या गाद्या शिवल्या. मी सॉफ्टवेअरमध्ये आलो. पुढे गुडघे गेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, गाळा गेला, आणि आता आई-आप्पा आमच्याबरोबर पुण्यात राहतात. सोळाव्या मजल्यावर. आप्पा बाल्कनीतून खालच्या पार्किंगमधल्या गाड्या बघतात आणि म्हणतात, "समद्या काळ्या सीटा. मानसाला रंग नको झालाय."

मी बनवतोय ती पद्मिनी काल्पनिक नाही. १९८८ साली कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी आपली पांढरी फियाट आप्पांकडे दिली होती. सीट, दारांची पॅडं, छताचं अस्तर, सगळं नवीन. मरून रेक्झिन, क्रीम पायपिंग. आप्पांचं आख्ख्या गाडीचं पहिलं काम. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि छताचं अस्तर ताणताना एक कोपरा मी धरला होता. त्या गाडीशेजारी उभ्या असलेल्या आप्पांचा एक फोटो घरात आहे. गाडी जास्त आणि आप्पा कमी दिसतात, पण आहे.

तर काम सुरू झालं.

पहिला प्रयत्न: खरं रेक्झिन

डोकं असं चाललं की खऱ्या सीटला रेक्झिन असतं, तर मॉडेललाही रेक्झिन लावू. नाना पेठेत जाऊन मरून रेक्झिनचा तुकडा आणला. आतला गाभा सनबोर्डचा केला, वर पातळ स्पंज, त्यावर रेक्झिन ताणून मागून चिकटवलं. दिसायला ते... कसं सांगू... सीटसारखं सोडून सगळ्यासारखं दिसत होतं. कोपरे उशीसारखे गोल, घड्या बोटाएवढ्या जाड, आणि रेक्झिनवरचे ते बारीक सुरकुत्यांचे ठसे या मापात गेंड्याच्या कातडीसारखे.

गणित साधं होतं, मीच ते केलं नव्हतं. रेक्झिन साधारण एक मिलिमीटर जाड. मॉडेलमध्ये ते एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीत आठ मिलिमीटर! एवढ्या जाड सालीची सीट कुणी शिवत नाही. खऱ्याचा तुकडा आणला म्हणून खरं दिसत नाही, कारण गाडी लहान होते पण कापड लहान होत नाही.

दुसरी गंमत वजनाची. लांबी आठपट कमी झाली की क्षेत्रफळ चौसष्टपट कमी होतं आणि वजन पाचशेबारापट. खऱ्या सीटवरचं कापड स्वतःच्या वजनाने थोडं ओघळतं, खोलगट जागी बसतं. माझ्या तुकड्याला ओघळायला वजनच नव्हतं. तो आपला पुठ्ठ्यासारखा ताठ.

दुसरा प्रयत्न: कातडं

मग कुठेतरी वाचलं की जुन्या हातमोज्यांचं मऊ कातडं वापरतात. ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास निघालं. म्हणजे खऱ्या मापात चार मिलिमीटर. मागून पॉलिश पेपरने घासून पातळ करायला बसलो. दोन तुकडे आरपार घासले गेले, तिसरा वाचला. चपला शिवणारे लोक रापीने कातडं तासतात ते बघायला सोपं वाटतं, हात लावला की कळतं. शिवाय त्यावर टीप मारायची होती.

टीप हा या सगळ्या प्रकरणातला खरा खलनायक. सीट कव्हरची टीप साधारण पाच मिलिमीटरची धरा. आठाने भागलं की ०.६ मिलिमीटर. घरच्या मशीनवर सगळ्यात बारीक टीप लावली तरी ती एक मिलिमीटरच्या आसपास येते, आणि दोरा तर दोरखंडासारखा दिसतो. तरी मी हट्टाने शिवली. पुढची सलग सीट, जेमतेम पंधरा सेंटिमीटर रुंद, तिच्यावर उभ्या नळ्या, प्रत्येक नळीवर टीप. दोन वीकेंड गेले.

आप्पा इतके दिवस लांबून बघत होते. विचारत नव्हते आणि मीही सांगत नव्हतो. त्या रविवारी ते चहाचा कप घेऊन टेबलाजवळ आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि सीट हातात घेतली. उलटी केली. (सीट हातात घेतली की ते आधी उलटी करतात. नंतर माझ्या लक्षात आलं.)

"हे काय शिवलाईस?"

"पुढची सीट, आप्पा. फियाटची."

"ही सीट न्हवं," आप्पा म्हणाले, "ही गोधडी हाय."

आणि चहा पीत परत बाल्कनीत गेले. पंचवीस वर्षं नोकरी करतोय, पण इतकं नेमकं कोड रिव्ह्यू मला अजून कुणी दिलेलं नाही.

तिसरा प्रयत्न: आप्पा

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसच्या कॉलवर असताना आप्पा आतल्या खोलीतून एक मोडकी छत्री घेऊन आले आणि टेबलावर ठेवून गेले. काडी मोडलेली, कापड ठीक. मला वाटलं दुरुस्तीला दिली आहे. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "कापड माप की."

डिजिटल व्हर्निअर लावला. ०.१ मिलिमीटर. गुणिले आठ, म्हणजे ०.८. रेक्झिनच्या जाडीच्या अगदी शेजारी! मी आठवडाभर परदेशी साइटी धुंडाळत होतो आणि उत्तर दाराआडच्या छत्रीत होतं.

त्यानंतर काम असं झालं. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी नीट सांगतो.

गाभा सनबोर्डचाच, पण त्यावर स्पंज नाही. स्पंज कोपरे गोल करतो. त्याऐवजी वर एम-सीलचा पातळ थर. ओलं बोट फिरवून गुळगुळीत केला आणि मऊ असतानाच पातीच्या बोथट कडेने उभ्या नळ्यांच्या खाचा दाबल्या. खऱ्या नळीची रुंदी पाच सेंटिमीटर धरली, म्हणून इथे सव्वासहा मिलिमीटर. बसण्याची जागा किंचित खोलगट ठेवली. कापडाला वजन नाही ना, मग ओघळ कापडाकडून मागायचा नाही, खालच्या गाभ्यातच कोरून ठेवायचा. एम-सील वाळल्यावर पातळ फेविकॉल लावून छत्रीचं कापड त्यावर बसवलं आणि प्रत्येक खाचेत दाबत गेलो. त्यावर पाणी घातलेल्या ऍक्रेलिक रंगाचे चार हात. रंगाने कापडाची वीण बुजते आणि रेक्झिनचा तुकतुकीतपणा येतो. शेवटचा हात अर्धवट मॅट. पूर्ण चकचकीत केलं तर खेळणं दिसतं, पूर्ण मॅट केलं तर खडू.

टीप शिवायची नाही, उमटवायची. जुन्या गजराच्या घड्याळातलं बारीक दात्यांचं चाक एका टाचणीवर बसवलं, कापड किंचित ओलं असताना पट्टीच्या कडेने फिरवलं. बारीक बारीक टोचे उमटतात. त्यात पातळ केलेला क्रीम रंग सोडायचा आणि वरून पुसून घ्यायचा. फूटभर अंतरावरून टीप दिसते. आप्पांनी हे बघितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांना पटलं नाही. "म्हंजे शिवायचंच न्हाई? नुसतं शिवल्यावानी दाखवायचं?" मी म्हणालो, हो. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग टीप शेवटपत्तोर नेऊ नको. कडेला थांबव. दोन टाके उलटे मारल्यात असं दाखव. न्हाईतर उसवंल." जी टीप मुळात नाही ती उसवू नये म्हणून काळजी! मी दोन टाके उलटे मारले. म्हणजे मारल्यासारखे दाखवले. :-)

पायपिंगची खरी जाडी चार-पाच मिलिमीटर, म्हणजे इथे अर्धा मिलिमीटर. हेडफोनच्या जुन्या वायरमधली आतली बारीक तार सोललेल्या प्लास्टिकसकट मिळाली, तीच क्रीम रंगवून कडेला चिकटवली. कोपऱ्यावर वळताना तार अंग काढते. आप्पांनी दाखवलं की खऱ्या कामात पायपिंगच्या पट्टीला कोपऱ्यावर तीन कातरे मारतात म्हणजे ती वळते. मी ब्लेडने प्लास्टिकला आतून तीन काप दिले. तार शहाण्यासारखी वळली.

रंगावरून मात्र आमचं वाजलं. मी नाना पेठेतल्या तुकड्याशी जुळवून मरून केला होता. टेबलावर तंतोतंत जुळत होता. गाडीत सीट ठेवल्या, छत लावलं आणि मरूनचा झाला काळा. लहान मापात रंग मुळातच गडद वाटतो, त्यात छताखालचा अंधार. आप्पा म्हणाले, "गाडीतलं कापड गाडीत बघायचं. दुकानाच्या दारात उन्हात बघून पसंत केलं की गिऱ्हाईक नंतर भांडतंय." म्हणे ते नेहमी गिऱ्हाइकाला हातभर तुकडा देऊन गाडीत बसवायचे आणि दार लावायला सांगायचे. मी मरूनमध्ये थोडा थोडा पांढरा आणि लाल घालत दार लावून बघत गेलो. पाचव्या वेळी १९८८ सालची गाडी दिसली. जो रंग दिसतोय तो त्या तुकड्याशी आता अजिबात जुळत नाही.

कोण बसतं, कुठून उतरतं

सीट झाल्या. नव्याकोऱ्या. मी खूश. आप्पांनी दार उघडून आत बघितलं, मान हलवली आणि विचारलं, "गाडी किती सालची?"

"तुम्ही केलेली. अठ्ठ्याऐंशीची."

"आणि तू बनवतोयस कधीची? डिलिव्हरीच्या दिवशीची का वापरातली?"

हा रिक्वायरमेंटमधला प्रश्न पाच महिन्यांत मला पडला नव्हता. मी म्हणालो, वापरातली. मग आप्पांनी खुर्ची ओढली आणि जवळजवळ तासभर बोलत राहिले. माझ्या आठवणीत ते सलग इतकं कधी बोलले नव्हते.

ड्रायव्हरची सीट आधी दाराकडच्या कडेला जाते, कारण माणूस बसताना आणि उतरताना त्या कडेवरून घासत जातो. तिथलं पायपिंग आधी चपटं होतं, मग भेगाळतं, मग आतली दोरी दिसायला लागते. मागच्या सीटची डावी बाजू जास्त बसते, कारण आपल्याकडे फुटपाथ डावीकडे, लोक डावीकडूनच चढतात. उजवी बाजू वर्षानुवर्षं नवी राहते. मागच्या पाठीचा वरचा काठ मागच्या काचेतल्या उन्हाने फिकट होतो आणि कडक होतो. डॉक्टरांच्या गाडीत पुढे डावीकडे त्यांची बॅग असायची, तिच्या पितळी कोपऱ्यांनी तिथे दोन ओरखडे पडलेले. आतली गादी त्या काळी स्प्रिंगची, वर गोणपाट, त्यावर काथ्या. काथ्या बसला की स्प्रिंगचे गोल कापडावर उमटतात. "डागदर वजनदार हुते," आप्पा म्हणाले, "चार वर्सांत तीन गोल दिसायला लागले. मी दाभणानं गोणपाट टाचून पुन्हा काथ्या भरून दिला. पैसं घेतलं न्हाईत. माझंच काम कच्चं हुतं."

चौतीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका सीटचे तीन गोल त्यांना आठवत होते. मी वही घेऊन लिहीत होतो. मीटिंगचे मिनिट्स लिहितो तसे.

आणि लिहिता लिहिता मला माझीही एक गोष्ट आठवली. ती इथे सांगायची की नाही यावर हा लेख तीन आठवडे अडला होता.

मी इंजिनिअरिंगला पुण्यात होतो. तिसऱ्या वर्षी. हॉस्टेलवर कुणी विचारलं, "वडील काय करतात?" तर मी सांगायचो, "ऑटोमोबाईलमध्ये बिझनेस आहे." खोटं नव्हतं म्हणा. त्या वर्षी आम्ही पाच-सहा जण पन्हाळ्याला गेलो, तिथून कोल्हापुरात. मित्र म्हणाले, तुझं घर दाखव. घर दाखवलं. आईने जेवायला वाढलं. परतताना भाड्याची गाडी उद्यमनगरातून निघाली, कारण ड्रायव्हरला तो रस्ता माहीत होता. मी पुढे बसलो होतो. दुकानासमोर रस्त्यात ट्रक आडवा लागला होता म्हणून आमची गाडी थांबली. गाळा पंधरा फुटांवर. आप्पा दारातच बसून सीट उसवत होते. त्यांनी वर बघितलं. मला बघितलं. मागे बसलेल्या पोरांना बघितलं. मी काच खाली करायला हवी होती. नुसतं "हे माझे वडील" म्हणायचं होतं, तीन शब्द. मी समोरच्या ट्रककडे बघत राहिलो. आप्पांनी मान खाली घातली आणि उसवायला लागले. ट्रक निघाला, आम्ही निघालो.

त्यावर आमच्यात कधीही एक अक्षर बोलणं झालेलं नाही. त्यांनी मला ओळखलं नसेल अशी समजूत मी बरीच वर्षं घालून घेतली होती. सीट कव्हरवाला माणूस पंधरा फुटांवरून स्वतःच्या पोराला ओळखणार नाही, म्हणे!

दाराची पॅडं

शेवटचं राहिलं होतं दारांच्या आतल्या पॅडांचं काम. खऱ्या गाडीत ही पॅडं हार्डबोर्डची, साधारण तीन मिलिमीटरची, वर रेक्झिन. (कोल्हापूरच्या पावसात दारातून पाणी झिरपलं की हार्डबोर्ड फुगायचा आणि खालून पापडासारखा वर यायचा. दर पावसाळ्यानंतर आप्पांकडे पॅडांची रांग.) तीन भागिले आठ म्हणजे ०.३७५ मिलिमीटर. घरात एवढ्या जाडीचं काय आहे हे व्हर्निअर घेऊन शोधत फिरलो. लग्नपत्रिका जाड, दुधाचा खोका पातळ. अचूक बसली ती माझी जुनी व्हिजिटिंग कार्डं. मागच्या कंपनीतली, अख्खा डबा पडून होता.

चार कार्डं काढली आणि पॅडं बेतायला बसलो. आप्पा शेजारी होते. त्यांनी एक कार्ड उचललं, लांब धरून वाचलं. माझं नाव, खाली हुद्दा, त्याखाली कंपनी.

"हे कापायचं?"

"जुनं आहे, आप्पा. चालतंय."

त्यांनी कार्ड जरा वेळ हातात ठेवलं. कातडी जाड झालेली बोटं, उजव्या तर्जनीवर मशीनची सुई आरपार गेल्याची खूण. मग स्वतःच खडूऐवजी पेन्सिल घेऊन त्यावर हँडलच्या भोकाची खूण केली. मापाशिवाय. मी नंतर मोजलं, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता.

त्यावर मरून कापड चढवलं. आता त्या चारही दारांच्या आत माझं नाव आणि हुद्दा आहे, कुणाला दिसणार नाही असा.

मग मी विचारलं. पाच महिने विचारायचं होतं ते. आप्पा प्रत्येक कामावर, ड्रायव्हर सीटच्या बाजूला खाली, एक छोटं कापडी लेबल शिवायचे. पांढऱ्या पट्टीवर निळ्या अक्षरात आमचं आडनाव, खाली 'सीट कव्हर्स व कुशन वर्क्स', खाली उद्यमनगर. आईने एक जुनं लेबल शिवणाच्या डब्यात जपून ठेवलंय. मी म्हणालो, "आप्पा, लेबल लावू का?"

ते पॅडावरून बोट फिरवत होते. वर न बघता म्हणाले, "चारचौघांत दाखवणार असलास तर लाव. न्हाईतर कशाला?"

आवाजात काही नव्हतं. राग नाही, टोमणा नाही. कापड कुठलं लावू असं विचारल्यावर सांगतात तसं सांगितलं. पण ते कशाबद्दल बोलले हे मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं असावं, कारण लगेच म्हणाले, "च्या टाकायला सांग जरा."

मी उठून स्वतः चहा टाकला. आलं किसताना डोळ्यांत पाणी आलं ते आल्यामुळे येत नाही एवढं मलाही ठाऊक आहे.

खरं लेबल चार सेंटिमीटर बाय दोन. मॉडेलमध्ये पाच मिलिमीटर बाय अडीच. फोटो काढून, लहान करून, पातळ कागदावर छापलं आणि चिमट्याने ड्रायव्हर सीटच्या बाजूला बसवलं. भिंग घेऊन बघितलं तरी अक्षरं नीट वाचता येत नाहीत, निळ्या रेघा दिसतात. प्रिंटरची तेवढीच ऐपत.

गाडी शुक्रवारी ऑफिसला घेऊन गेलो. पुढच्या सीटवर ठेवून, बेल्ट लावून! (सिक्युरिटीवाल्याने स्कॅनरमधून दोनदा घातली.) कँटीनच्या टेबलावर ठेवल्यावर सगळे गोळा झाले. अपेक्षेप्रमाणे प्रत्येक जण वाकून आत बघत होता. "सर, सीट कसल्या भारी आहेत! हे लेदर आहे?" छत्री आहे म्हटल्यावर कुणाचा विश्वास बसेना. मग त्या नवीन मुलीने ड्रायव्हरच्या दाराजवळ डोकं नेलं आणि विचारलं, "सर, हे निळं काय लिहिलंय? वाचता येत नाहीये."

मी वाचून दाखवलं. तिन्ही ओळी. आणि म्हणालो, "हे माझ्या वडिलांचं दुकान. सीट कव्हर शिवायचे. ही गाडी त्यांनी केली होती."

पोरं म्हणाली "वॉव", कुणीतरी फोटो काढले, दोन वाजले, सगळे आपापल्या मीटिंगला गेले. एवढंच झालं. पंचवीस वर्षं जे वाक्य जड जात होतं त्याचं वजन कँटीनमध्ये कुणालाच जाणवलं नाही.

घरी येऊन आप्पांना सांगितलं, ऑफिसात सगळ्यांना दाखवली. ते टीव्ही बघत होते. "काय म्हनाले?"

"सीट आवडल्या. लेबल काय आहे विचारलं, मी सांगितलं."

"हं." थोडा वेळ टीव्ही. मग म्हणाले, "मागची डावी बाजू अजून जरा दाबाया पायजे हुती. तशी नेऊन दाखवलीस व्हय?"

तेव्हा या वीकेंडला तेच काम आहे. डायनिंग टेबल अजून एक आठवडा मिळणार नाही.